युरोपात संगीताचं नोटेशन छापणं एवढं अवघड का होतं?

अहो, अक्षरं एकाशेजारी एक लावली की ओळ तयार होते, पण नोटेशनमध्ये पाच आडव्या रेघा, त्यांच्यावरच बसलेले सूर आणि खाली परत गाण्याचे शब्द, म्हणजे एकावर एक छापायचं काम. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुचीने १५०१ मध्ये ९६ रचनांचं पुस्तक छापलं, त्यात तोच कागद प्रेसमधून पुन्हा पुन्हा जायचा, आधी रेघा, मग सूर, शब्दांची वेगळी खेप, आणि कागद केसभर जरी सरकला तरी सूर भलत्याच रेघेवर, म्हणजे गाणाऱ्याची वाट! तरी त्याची पानं आज बघितली तरी इतकी नीट आहेत की मला तरी पुढची कुठलीच तेवढी आवडत नाहीत.

मग १५२८ च्या सुमारास पॅरिसच्या पिएर आतेन्याँने जुगाड केला, छपाईच्या प्रत्येक खिळ्यावर, म्हणजे धातूच्या ठशावर, सूर आणि रेघांचा छोटा तुकडा एकत्रच, त्यामुळे एका दाबात काम फत्ते. रेघा तुटक दिसायच्या, पण वेळ आणि खर्च वाचला आणि हीच पद्धत युरोपभर पसरली. नंतर वाद्यसंगीतात एकावेळी वाजणारे बरेच सूर आले, ते खिळ्यांना झेपेनात, म्हणून धातूच्या पत्र्यावर कोरून छापायला लागले.