पडवीवर पॉलिकार्बोनेटची शीट स्वतः कापून बसवता येईल का? कापायला काय वापरू, हॅक्सॉ चालेल का?

येईल, का नाही येणार. घरात कोणी "शीटचं काम आहे, माणूस बोलवा" म्हणत असेल तर हे त्यांना वाचून दाखवा.

आमचं घर चिपळूणजवळ. मागच्या पडवीची थोडी कौलं काढून उजेडासाठी 6 मिलिमीटरची पोकळ नळ्यांची शीट टाकायची होती. मी म्हटलं आपण करू, दादा म्हणाला माणूस बोलवू. माणसाने दोन तासांत काम उरकलं. शीटवर चिकटवलेल्या पातळ फिल्मवर यूव्हीची, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर असलेली बाजू कुठली ते सरळ छापलेलं होतं, ती बाजू वर उन्हाकडे यायला पाहिजे, मी दाखवलं तर तो म्हणे दोन्ही बाजू सारख्याच असतात, आणि दादा मलाच म्हणाला, त्याचं काम त्याला करू दे. शीट उलटी बसली, नळ्या उताराच्या दिशेने हव्यात त्या आडव्या, स्क्रू करकचून आवळलेले. तिसऱ्या उन्हाळ्यात शीट पिवळी पडली, स्क्रूपाशी चिरा गेल्या, नळ्यांत शेवाळ, आणि त्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी ऐन पंगतीत पाणी गळायला लागलं. पानं उचलून माजघरात न्यावी लागली, आईचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

पुढच्या मे महिन्यात आगोटीची कामं सुरू व्हायच्या आधी मी ती उतरवली आणि नवी एकट्याने बसवली. नळीच्या दिशेने कापायचं असेल तर पट्टी धरून साधा कटर दोन-तीनदा फिरवला की झालं. आडव्या कापाला हॅक्सॉ चालतो, पण जरा आत गेलं की त्याची फ्रेम अडते, म्हणून मी बारीक दात्यांचं पातं लावून जिगसॉ, म्हणजे विजेवरची छोटी करवत घेतली. कापताना फिल्म काढायची नाही, खुणा तिच्यावरच करायच्या, आणि कापाच्या दोन्ही बाजूंना फळी दाबून ठेवायची, नाहीतर शीट थरथरते आणि कड फाटते. नळ्यांत गेलेला भुसा सायकलच्या पंपाने उडवला. वरच्या कडेला अॅल्युमिनियमची टेप लावा, खालची कड मात्र पॅक करू नका, आतलं पाणी निघायला हवं. भोकं स्क्रूपेक्षा 3 मिलिमीटर मोठी, कारण 8 फुटी शीट 30 अंशांच्या फरकाने साडेचार मिलिमीटरच्या वर वाढते, आणि तिला सरकायला जागा नसेल तर ती स्क्रूपाशीच चिरते. आमची तशीच चिरली.

ग्राइंडर नको, प्लास्टिक वितळून परत चिकटतं. डोळ्यांना चष्मा लावा. वर चढलात तर शीटवर पाय देऊ नका, वाशांवर आडवी फळी टाका. आणि हो, हे सगळं पॉलिकार्बोनेटचं, अॅक्रिलिक असेल तर वेगळं, पातळ अॅक्रिलिक चर पाडून मोडता येतं, हे नाही.

दादा अजून म्हणतो पहिली शीटच हलकी होती. दोन्ही शीट एकाच दुकानातल्या, एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या. दोन्ही बिलं माझ्याकडे आहेत.