म्हार्दोळला उतरा

प्रश्न : आमचं ऑफिस पणजीत, पाटोवर. दोन वर्षं झाली, मी फोंड्याच्या घरूनच काम करते. कदंबच्या बसमधली रोजची चेंगराचेंगरी वाचली याचं सुखच आहे. पण परवा कळलं, पलीकडच्या सेक्शनमधल्या सहकाऱ्याचे वडील जाऊन महिना उलटला. म्हार्दोळला तो माझ्याच बसमध्ये चढायचा, मी त्याच्यासाठी जागा धरायचे. मला कुणीच कळवलं नाही. आमच्या सेक्शनच्या ग्रुपवर तर रोज बोलणं असतं. माझं काय चुकलं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. तो तुमच्या ग्रुपवर नाही, एवढंच झालं.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या 61 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा 2020च्या पहिल्या सहामाहीतला संपर्क अभ्यासला गेला होता. सगळे घरी बसल्यावर ज्याचा त्याचा गट आतून घट्ट झाला आणि दुसऱ्या गटांशी असलेले धागे विरले. तुमचा म्हार्दोळकर हा असाच एक धागा. कामाचा संबंध नाही, म्हणून मीटिंग नाही. उरली होती ती बस.

माझ्या नोकरीची शेवटची अडीच वर्षं म्हापशाच्या घरात गेली. मी हिशेब विभागात. एकदा बिलांचा एक अख्खा गठ्ठा जुन्या फॉर्मवर करून पाठवला आणि तो तसाच परत आला. फॉर्म बदलल्याचं आवक-जावक विभागातल्या माणसाला ठाऊक होतं. ऑफिसात असते, तर खालच्या गाड्यावर भाजी-पाव खाताना त्याने ते सहज सांगितलं असतं. मुद्दाम फोन करून सांगण्याएवढी ती गोष्ट त्याला मोठी वाटली नाही. (सोमवारी मात्र तो आमच्याकडे फिरकत नसे. आमचे डबे त्या दिवशी शिवराक, म्हणजे शाकाहारी!)

मग साहेबांनी शुक्रवारचा ऑनलाइन चहा काढला. पडद्यावर चौदा चौकटी, सगळ्यांचे माइक बंद, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. जूनमध्ये तर निम्म्यांची वीज गेलेली. गाड्यावर पाच जणांत दोन गप्पा एकाच वेळी चालत, कंटाळा आला की माणूस या गप्पेतून त्या गप्पेत शिरे. पडद्यावर एक बोलणार आणि तेरा ऐकणार. दोन महिन्यांत तो चहा बंद पडला, कुणी विचारलंही नाही.

तेव्हा असला चहा तुम्ही काढू नका. आठवड्यातून एकदा, काम नसताना, दुसऱ्या सेक्शनमधल्या एकाला फोन करा. पहिल्या वेळी समोरचा दचकून "काय झालं?" विचारेल, काही झालं नाही म्हणायचं. ऑफिसला जाल त्या दिवशी कानात यंत्र खुपसून बसू नका, नाहीतर घरीच काय वाईट होतं?

हे नंतरचं. आधी त्याला भेटून या. महिना झाला म्हणून लाजू नका आणि मेसेजवर भागवू नका. त्यालाही वाटत असेल, हिला कळलं असूनही ही आली नाही. रविवारी तीच पणजीची बस धरा आणि म्हार्दोळला उतरा.