डबा वेस्ट लेकचा, चहा कुठला?

प्रश्न : भाच्याने चीनहून ‘वेस्ट लेक लाँगजिंग’ या ग्रीन टीचा डबा आणला. वर शिक्का आहे, खुडणीची तारीख आहे. तरी चहातल्या एका जाणकाराने बघताक्षणी ‘नकली’ म्हटले. म्हणजे भेसळ का? आणि महागड्या ग्रीन टीतच इतकी फसवणूक का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भेसळ बहुधा नसावी. डब्यात ग्रीन टीच असतो, फक्त दुसऱ्या गावचा. देवगडच्या पेटीतून कर्नाटकचा आंबा खपवतात, त्यातलाच प्रकार.

हांगचौ शहरातल्या वेस्ट लेक भागात सुमारे १६८ चौरस किलोमीटरचा टापू ठरवून दिला आहे. तिथल्याच चहाला हे पूर्ण नाव लावता येते. त्याच प्रांतातल्या शिनछांगसारख्या भागांतला चहा नुसता ‘लाँगजिंग’ म्हणून विकायला कायद्याने मोकळीक आहे. तोही कढईत दाबून चपटा भाजलेला, प्यायला चांगला. पण ‘वेस्ट लेक’ हे दोन शब्द वाढवले की भाव कितीतरी चढतो.

खरी मेख तारखेत आहे. छिंगमिंग सणाच्या, म्हणजे ४-५ एप्रिलच्या आधी खुडलेला चहा सर्वांत महाग. वेस्ट लेकची जुनी, बियांपासून वाढलेली झाडे मार्चअखेरीच्या सुमाराला फुटतात. ‘लाँगजिंग ४३’ ही निवडलेली जात आठवडा-दहा दिवस आधी. गिऱ्हाइकाला मात्र मार्च उजाडताच नवा चहा हवा असतो. वनचौ शहराकडची ‘वूनिउझाओ’ ही चहाची जात फेब्रुवारीअखेरीलाच खुडणीला येते. तिची पाने तशीच चपटी भाजली की सुक्या मालावरून भलेभले फसतात. तेव्हा डब्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्याची तारीख असेल, तर जाणकाराला डबा उघडायचीही गरज नव्हती.

शिक्क्यावर फार विसंबू नका. शेतकऱ्याला लागवडीच्या हिशेबाने डब्यावर चिकटवायचे ठरावीक शिक्के मिळतात. स्वतःचा चहा ओळखीत सुटा विकून उरलेले शिक्के दुसऱ्याला विकण्याचे प्रकार तिथे झालेले आहेत. म्हणजे शिक्का अस्सल आणि चहा उपरा!

घरी एवढे करून पाहा. काचेच्या ग्लासात ३ ग्रॅम चहा घ्या, ८० ते ८५ अंशांचे १५० मिली पाणी ओता. उकळते ओतलेत तर चांगला चहाही कडवट लागेल. चहा पिऊन झाल्यावर ओली पाने पांढऱ्या बशीत पसरा. जुन्या झाडांची पाने लहानमोठी, थोडी विस्कळीत दिसतात. वूनिउझाओचे कोंब जाडसर, पान मांसल, आणि त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतले की वास ओसरतो. सुका चहा किंचित पिवळसर झाक असलेला हवा. एकसारखा गर्द हिरवा दिसला तर शंका घ्या. रंग लावल्याचा संशय असेल तर चिमूटभर पाने गाळणकागदावर ठेवून पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पाने काढून कागद नळाखाली धुवा. उजेडात धरल्यावर डाग दिसले तर तो चहा पिऊ नका.

पुढच्या वेळी भाच्याला शिनछांगचा, तसे नाव छापलेला डबा आणायला सांगा. त्याच पैशात दोन-तीन डबे सहज येतील.