न दिसणारा व्हिडिओ डेटा खातो का?

प्रश्न: बातम्यांची साइट उघडली की वरचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. मी खाली बातमी वाचत असते, तरी मोबाईलचा १.५ जीबीचा रोजचा पॅक संध्याकाळपर्यंत संपतो. स्क्रीनच्या बाहेर गेलेला व्हिडिओ पण डेटा खातो का? आणि लॅपटॉपला हॉटस्पॉट देऊन दुसऱ्या टॅबमधे कीर्तन लावून ठेवते, त्याचं काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, खातो, पण किती खातो ते ब्राउझरपेक्षा साइटवाल्यांवर जास्त आहे. २०१६ मधे आयफोनच्या सफारीने आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमने म्यूट व्हिडिओला आपोआप चालायची परवानगी दिली, पण सोबत अट घातली की स्क्रीनवर दिसत असशील तरच चाल, बाहेर गेलास की पॉज. ही अट साध्या ऑटोप्लेपुरती आहे, साइटने स्वतःच्या कोडमधून प्ले केला तर लागू होत नाही. आणि नीट बघा, तुम्ही खाली सरकलात की तो व्हिडिओ लहान होऊन कोपऱ्यात चिकटतो ना? म्हणजे तो अजून स्क्रीनवरच आहे, मग ब्राउझर थांबवणार कसा! मला हा प्रकार अजिबात पटत नाही, वाचायला आलेल्या माणसाचा पॅक असा संपवायचा म्हणजे काय. दिसला की फुली मारून बंद करायचा. पॉज झाला तरी पुढचा थोडा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो, तेवढा डेटा गेलेलाच.

कीर्तनाच्या टॅबमधे क्रोम हुशारी करतं. २०१७ पासून, टॅब मागे गेला की चित्र डीकोड करायचं, म्हणजे आलेल्या डेटातून उलगडून तयार करायचं, सोडून देतं, फक्त आवाज चालू ठेवतं. यात बॅटरी वाचते, लॅपटॉप कमी तापतो, पण साइट चित्र पाठवतच राहिली तर डेटा तेवढाच जाणार. म्हणून क्वालिटी १४४पी वर, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जावर, आणून ठेवा, कीर्तन ऐकायचंच आहे तर काही बिघडत नाही.

फोटोंचं वेगळं आहे. साइटवाल्याने फोटोला लेझी लोडिंग (फोटो जवळ आला की मगच मागवायची सोय) लावलं असेल तरच खालचे फोटो उशिरा येतात, ब्राउझर आपल्या मनाने करत नाही. क्रोममधे ही सोय २०१९ ला आली, फायरफॉक्समधे २०२० ला, सफारीत २०२२ ला. ४जी वर असाल तर क्रोम असा फोटो स्क्रीनपासून साधारण १२५० पिक्सेल (स्क्रीनवरचे बारीक ठिपके) दूर असतानाच मागवतं आणि नेट स्लो असेल तर २५०० पिक्सेलवरूनच, कारण उतरायला वेळ लागणार, त्यामुळे न बघितलेले काही फोटो पण येतातच.

तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाका, सेटिंगमधे ऑटोप्लेमधे जाऊन फक्त मोबाईल डेटावर ऑडिओ-व्हिडिओ ब्लॉक करायचा पर्याय निवडा, म्हणजे घरच्या वायफायवर काही अडणार नाही.