वाचकांचे प्रश्न : ऑनलाईन लिलावातली चढाओढ आणि उर्मट माणसं

यावेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतलीत. नाणी, तिकिटं, जुने कॅमेरे, अगदी बँकेने जप्त केलेले फ्लॅट, सगळ्याचा लिलाव आता मोबाईलवर होतो आणि तक्रार मात्र प्रत्येकाची एकच, की लोक फार वाईट वागतात. म्हणून म्हटलं एकदा नीट बोलूया.

ताई नमस्कार, मी दादरला राहते, शाळेतून रिटायर झालेय. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी तांब्याची नाणी, जमवायचा नाद आहे. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी रात्री लिलाव असतो. मागे दुदांडी प्रकारच्या एका शिवराईवर मी बोली लावत होते तर एक गृहस्थ सगळ्यांसमोर लिहितात, "काकू तुम्ही भाजी निवडा, हे तुमचं काम नाही." मग माझ्या प्रत्येक बोलीखाली हसणारे इमोजी. इतका राग आला की मी आकडा वाढवतच गेले आणि ३०० पर्यंत घ्यायचं ठरवलेलं नाणं १४०० ला घेतलं. ग्रुपवर कोणी चकार शब्द काढला नाही. उलट उत्तर द्यायला हवं होतं का? की हा नादच सोडावा?

नाद अजिबात सोडू नका. शिवराई जमवणारी बाई त्या ग्रुपवर आहे हेच त्या गृहस्थांना खुपतंय, आणि तुम्ही बाहेर पडलात तर त्यांचं आयतंच काम होईल.

आता त्या रात्री काय झालं ते बघा. अशा ग्रुपवर शेवटची दोन मिनिटं कशी असतात ते मला माहितीये, ॲडमिन लिहितो "शेवटची २ मिनिटं", आणि मग ८५०, ९००, ९५०, मध्येच कोणीतरी "+५०", कोणाचं नेट अडकलेलं त्याचा ९०० चा आकडा ९५० नंतर येतो, त्यावर वाद, आणि या सगळ्यात नाण्याचा फोटो कधीच वर सरकून गेलेला असतो. तो फोटो परत वर जाऊन कोणी बघत नाही. समोर फक्त आकडे आणि त्या माणसाचं नाव. तुम्ही ३०० च्या पुढे गेलात तेव्हा तुम्ही नाण्यावर बोली लावतच नव्हता, त्या इमोजीवर लावत होतात. काही लोक मुळातच उद्धट असतात, पण काही जण हे ठरवून करतात, एकतर समोरचा वैतागून बाहेर पडावा म्हणून नाहीतर चिडून त्याने पैसे संपवावेत म्हणजे पुढच्या लॉटला, म्हणजे लिलावातल्या पुढच्या वस्तूला, रान मोकळं. यांच्यातला नक्की कुठला प्रकार होता हे शोधत बसू नका, दोन्हीला उपाय एकच आहे.

पहाटे ससून डॉकला गेलात तर लिलाव बघायला मिळेल. खाली ओल्या जमिनीवर कोळंबीचे, बोंबलाचे ढीग, भोवती कोळणींचा दाट गराडा, आवाज एवढे की नवख्याला भांडणच वाटावं. तोंडाने कोणी कमी नाही. पण तिथे ज्याच्याशी आज घासाघीस केली तोच माणूस उद्या पहाटे शेजारी उभा असणार, त्याचा चेहरा दिसतो, आपलाही त्याला दिसतो, त्यामुळे बोलण्याला एक हद्द राहते. ऑनलाईन ती हद्द आपोआप येत नाही, कोणीतरी घालून द्यावी लागते, आणि ते काम ॲडमिनचं आहे. म्हणून माझा जास्त राग त्या गृहस्थांपेक्षा तुमच्या ॲडमिनवर आहे. लिलाव चालू असताना आकड्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, इमोजीसुद्धा नाही, एवढा एक नियम ठेवला तरी निम्मा त्रास जातो. ॲडमिनला आजच पर्सनल मेसेज करून हे सांगा, त्या चॅटचा स्क्रीनशॉट जोडा आणि विचारा की तुम्ही गप्प का राहिलात. उडवाउडवी केली तर ग्रुप बदला, नाण्यांचे ग्रुप मुंबईत खूप आहेत.

उलट उत्तर द्यायचं तर लिलाव संपल्यावर, एकदाच, आणि ग्रुपवरच. "साहेब, मी इथे नाणी घ्यायला येते. माझ्या घरकामाचा विषय पुन्हा काढू नका." बस. पुढे त्यांनी काहीही लिहिलं तरी उत्तर नाही.

आणि पैशाचं. लिलाव सुरू व्हायच्या आधी, डोकं शांत असताना, तुमचा शेवटचा आकडा वहीत लिहा आणि वही फोनशेजारी उघडी ठेवा. दुदांडी शिवराई काही दुर्मिळ नाही हो, "श्री राजा शिव" आणि "छत्र पति" लिहिलेली ही नाणी महाराजांच्या नंतरही पेशवाईत आणि पुढेसुद्धा कितीतरी वर्षं पाडली गेली, म्हणून तर इतकी सापडतात. "परत मिळणार नाही" असं ग्रुपवर कोणी लिहिलं तरी ती पुढच्या महिन्यात परत येते. अजून एक गोष्ट, जिंकणं म्हणजे फायदा असं नसतं. १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या तीन इंजिनियरांनी मेक्सिकोच्या आखातातलं तेल काढायच्या हक्कांच्या लिलावांवर लेख लिहिला होता. तिथे जमिनीखाली किती तेल आहे याचा प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला तोच लिलाव जिंकतो आणि तोच हात पोळून घेतो. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर रात्री साडेदहाला चिडलेल्या माणसाचं का होणार नाही.

मी ठाण्याचा, कॉलेजला आहे. परदेशी साईटवर एका जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर ३५०० ची बोली लावून दोन दिवस पुढे होतो. शेवटच्या ५ सेकंदांत एकाने ३६०० ला उचलला. ही सरळ चीटिंग आहे. मी त्याला मेसेज करून चांगलंच झापलं. बरोबर केलं ना?

नाही केलंस, आणि आधी तेच सांगते. तू त्याला काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण पहिल्या पत्रातल्या बाईंना जो त्रास झाला तोच तू एका अनोळखी माणसाला दिलास. त्याला साधी माफी लिही.

चीटिंग झालेली नाही. ईबेसारख्या साईटवर आपण जो आकडा टाकतो तो आपला कमाल आकडा असतो, सिस्टीम तो उघड करत नाही, दुसऱ्याच्या बोलीच्या फक्त एक पायरी (बोली वाढवायचा ठरलेला टप्पा) वर नेते. म्हणजे समजा त्याने ६००० टाकले होते आणि पायरी १०० ची आहे, तर तुझे ३५०० होते म्हणून त्याला ३६०० ला मिळाला. "मी ३७०० दिले असते" असं तुला वाटतंय, पण मग त्याला ३८०० ला मिळाला असता. तू सहा हजारांच्या वर जायला तयार होतास का? नसशील तर तो कॅमेरा तुझा नव्हताच.

शेवटच्या सेकंदाला बोली टाकणं हे त्या साईटच्या नियमातूनच येतं. ईबेचा लिलाव ठरलेल्या वेळी बंद म्हणजे बंद. पूर्वी ॲमेझॉनचे पण लिलाव असायचे, तिथे १० मिनिटं कोणीच बोली लावली नाही तरच लिलाव संपायचा. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना छापली आणि दिसलं असं की शेवटच्या क्षणाची घाई ईबेवर कितीतरी जास्त होती. माणसं तशीच, नियम वेगळे, म्हणून वागणं वेगळं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण लगेच "लोकच वाईट" म्हणून मोकळे होतो. तुझ्या ओळखीतले कोणी ग्रुपवर लिलाव चालवत असतील तर त्यांना सांग, शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली की वेळ ५ मिनिटांनी पुढे. भांडणं बरीच कमी होतात. तू स्वतः पुढच्या वेळी दोन दिवस आधी अर्धवट आकडा टाकून बसू नकोस, खरा कमाल आकडा एकदाच टाक आणि फोन बाजूला ठेव.

मुलुंडहून लिहितोय. लिलावात एक जुनी नोट मी घेतली. हरलेला माणूस आता रोज मेसेज करतो, नोट मला दे नाहीतर तुला मार्केटमध्ये फ्रॉड म्हणून बदनाम करतो, घर कुठे आहे माहितीये वगैरे. मित्र म्हणतो आयटी ॲक्टचं ६६अ लाव.

६६अ, म्हणजे ऑनलाईन आक्षेपार्ह मेसेज पाठवण्याबद्दलचं कलम, आता नाही, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच ते रद्द केलं. पण "घर माहितीये" ही धमकी आहे आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे, जुलै २०२४ पासून लागू झालेलं. मेसेज डिलीट करू नका, ब्लॉक करायच्या आधी नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, लिलाव चालवणाऱ्याला पाठवा, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा. नोट देऊन प्रकरण मिटवू नका, उद्या तो दुसऱ्याला हेच करेल.

वडिलांचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह विकायचाय (गिरगाव). लोक फार पाडून मागतात, वर "कचरा आहे" असं लिहितात. भाचा म्हणतो मी खोट्या नावाने बोली वाढवतो. चालेल का?

नाही चालणार. ही खरेदीदारांची फसवणूक आहे, मोठ्या साईट्सवर याला सक्त बंदी आहे आणि पकडलं गेलं तर अकाऊंट जाऊ शकतं. छोट्या ग्रुपवर तर लोक लगेच ओळखतात, आणि मग वडिलांचं नाव त्या संग्रहाला जोडून वाईट होतं. शिवाय भाच्याच्याच बोलीवर लिलाव थांबला तर तिकीट घरीच राहणार. त्यापेक्षा सरळ राखीव किंमत लावा, त्याच्या खाली विकणार नाही असं आधीच लिहा. "कचरा" म्हणणारे बहुतेक वेळा त्याच लॉटवर डोळा ठेवून असतात, भाव पडावा म्हणून बोलतात. उत्तर म्हणून तिकिटाचे पुढून मागून स्वच्छ फोटो टाका, दातरे, गोंद, शिक्का सगळं दिसेल असे.

कल्याणला बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट घ्यायचा विचार आहे. एकाचा फोन आला, "तुम्ही बोली लावू नका, आमचं ठरलंय, तुमचं बघून घेऊ." घाबरून मागे हटू का? आणि नाही हटलो तर ईर्ष्येने वाढवत जाऊ याची पण भीती वाटते.

दोन्ही भीती बरोबर आहेत. बोली लावणाऱ्यांनी आपसात ठरवून दुसऱ्याला बाहेर ठेवणं हे स्पर्धा कायदा २००२ मध्ये बेकायदा आहे. त्या फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेलने कळवा, तोंडी नको. "बघून घेऊ" हा धमकीचाच प्रकार आहे, वरच्या मुलुंडच्या पत्राला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू.

आता ईर्ष्येचं. इथे नाण्यासारखं १४०० वर भागत नाही. आधी राखीव किमतीच्या साधारण १० टक्के डिपॉझिट भरावं लागतं. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जासाठी तारण मालमत्ता विकायचा हक्क बँकांना देणारा कायदा) नियमांप्रमाणे बोली जिंकलात की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत २५ टक्के रक्कम पूर्ण करायची, यात ते डिपॉझिट धरलं जातं, आणि उरलेले ७५ टक्के विक्री कन्फर्म झाल्यापासून १५ दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवली तर गोष्ट वेगळी. नाही भरले तर भरलेले पैसे जप्त. त्यात बहुतेक ठिकाणी शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ वाढत जाते, त्यामुळे तास तास ओढाताण चालू शकते आणि माणूस "अजून एकच पायरी" म्हणत जातो. म्हणून होम लोन किती आणि किती दिवसांत मिळेल हे आधी बँकेकडून लेखी घ्या, तोच तुमचा आकडा, आणि त्या दिवशी शेजारी घरातलं असं माणूस बसवा जे तुम्हाला थांब म्हणू शकेल. फ्लॅट "जसा आहे जिथे आहे" तत्त्वावर मिळतो, म्हणजे सोसायटीची थकबाकी, लाईटबिल, आत कोणी राहत असेल तर ते, सगळं तुमच्या गळ्यात. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन थकबाकी विचारा, आत कोण राहतंय ते स्वतः बघून या, वकिलाला कागद दाखवा, मगच डिपॉझिट भरा.