क्वेसार: नावात तारा, प्रत्यक्षात दीर्घिकेचा गाभा

प्रश्न: क्वेसार हा ताऱ्याचाच प्रकार ना? मग नक्षत्रांच्या पुस्तकात का नसतो?

क्वेसार तारा नाही. फार दूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहाचा, तो झगझगता गाभा. तिथे सूर्याच्या कोट्यवधी, कधी अब्जावधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्यात पडण्याआधी वायू भोवती चकतीसारखा गरगरतो, प्रचंड तापतो आणि उजळतो. कृष्णविवर काळंच, उजेड या वायूचा.

गोंधळ नावामुळे होतो. 'थ्री सी २७३' हा रेडिओ स्रोत १९६२ साली चंद्राआड गेला, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीने त्याची नेमकी जागा टिपली. तिथे दिसला साधा ताऱ्यासारखा ठिपका. पुढच्या फेब्रुवारीत खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट यांनी त्याचा वर्णपट, म्हणजे रंगांत विभागलेला प्रकाश, उलगडला. अनोळखी वाटणाऱ्या रेषा हायड्रोजनच्याच होत्या, फक्त सुमारे १६ टक्के तांबड्याकडे सरकलेल्या. हीच ताम्रसृती; विश्व प्रसरण पावत असल्याने ती जितकी जास्त, तितकं अंतर जास्त. म्हणजे ठिपका २०० कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवर! 'क्वासी-स्टेलर रेडिओ सोर्स' (ताऱ्यासारखा रेडिओ स्रोत) हे लांबलचक नाव १९६४ मध्ये हाँग-यी च्यू यांनी 'क्वेसार' असं आटोपशीर केलं. पुढे कळलं की दहातले जेमतेम एकच रेडिओ लहरींत प्रखर असतात. शब्द मात्र सगळ्यांनाच चिकटला.

प्रश्न: पल्सर आणि क्वेसार एकच का?

नाही. पल्सर हा गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, जेमतेम वीसेक किलोमीटर व्यासाचा. आपल्याला माहीत असलेले बहुतेक पल्सर आपल्याच आकाशगंगेत आहेत.

प्रश्न: घरच्या दुर्बिणीतून दिसेल का?

दिसेल, थ्री सी २७३ नक्की. त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका ठिपका मंद) १३ च्या आसपास, त्यामुळे आठ इंची दुर्बीण, अंधारं आकाश आणि चांगला नकाशा हवा. एप्रिल-मे महिन्यात कन्या राशीत शोधा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तासभर गेला. शेजारच्या ठिपक्यांत तो जराही वेगळा वाटत नाही, पण तो प्रकाश पृथ्वीवर प्राणी उपजण्याच्या कितीतरी आधी निघालेला! अंगावर काटा येतो.

प्रश्न: जयंत नारळीकरांना ही अंतरं मान्य नव्हती, हे खरं का?

सगळ्याच क्वेसारांबाबत हे मान्य करायला ते तयार नव्हते, हे खरं. खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांना काही क्वेसार जवळच्या दीर्घिकांशी जोडलेले वाटले, आणि नारळीकरांनी तो पुरावा गांभीर्याने घेतला. प्रचलित मताला प्रश्न विचारण्याचं त्यांचं धैर्य मला मोलाचं वाटतं. पण हबल दुर्बिणीने क्वेसारांभोवतीच्या दीर्घिका दाखवल्या, आणि जिथे त्यांचं मोजमाप झालं तिथे त्यांची ताम्रसृती क्वेसाराएवढीच निघाली. मला तरी हा पुरावा निर्णायक वाटतो.