खंड्या आधी जाऊ द्या, टेम्पो नंतर भरा

*ताई, निफाड तालुक्यात आमची शेतात वस्ती आहे. दिवाळीच्या तोंडावर सासरे गेले. शेत वाट्याने दिलंय आणि संक्रांतीनंतर सासूबाईंना घेऊन आम्ही पिंपरीला फ्लॅटवर जातोय. प्रश्न खंड्याचा आहे. सात वर्षांचा गावठी कुत्रा, दिवसा साखळीला, रात्री मोकळा. त्याला भाकरी रोज सासूबाईच घालतात. वाटेकऱ्याची स्वतःची दोन कुत्री आहेत, तो नको म्हणतो. दीर म्हणतात, हायवेवरच्या ढाब्यावर सोडू, तिथे खायला मिळतं. मला झोप लागत नाही. एवढ्या थंडीत त्याला दुसरीकडे द्यावं का? तो राहील का?*

ताई, ढाब्याचा विषय आजच बंद करा. ढाब्यावर कुत्र्यांची टोळी आधीच असते आणि ती नव्याला खरकट्याजवळ फिरकू देत नाही. हाकललेला खंड्या घराच्या दिशेने निघणार, म्हणजे रात्रीचा हायवे ओलांडणार. शिवाय पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल असं टाकून देणं हा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातल्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दिरांना हेही सांगा.

खंड्या दुसऱ्या घरी राहील. सात वर्षं हे काही कुत्र्याचं अगदी म्हातारपण नाही. पण बहुतेक घरांत एक चूक होते: सामानाचा टेम्पो भरतात आणि त्याच दिवशी कुत्रा कुणाच्या तरी हवाली करतात. चार दिवसांनी तो साखळी सोडवून परत येतो, तर घराला कुलूप. मग तो ओट्यावर बसून राहतो. म्हणून खंड्या तुमच्याआधी निदान तीन आठवडे जायला हवा. तिकडे बिनसलं तर परत यायला त्याचं घर उघडं असेल.

संक्रांतीपर्यंतचे दिवस मोजा आणि या आठवड्यातच माणूस शोधायला लागा. ओळखीतला, शक्यतो खंड्याने पाहिलेला माणूस हवा. दूध संकलन केंद्रावर शब्द टाका; कुणाच्या गोठ्याला राखण हवी आहे हे तिथे कळतं. ‘फुकट द्यायचा आहे’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, कोण नेतो आणि कशाला नेतो ते कळत नाही. माणूस ठरला की त्याला तीन-चार वेळा तुमच्याकडे बोलवा आणि त्याच्या हातून भाकरी घालू द्या. घरातल्या बाईचा होकार स्वतः विचारून घ्या, कारण पुढे खायला बहुतेक तीच घालणार. खंड्या कधी कुणाला चावला असेल, कोंबड्यांच्या मागे लागत असेल, तर लपवू नका. महिनाभरात जमलं नाही तर परत सांगायचं, रस्त्यावर सोडायचं नाही, एवढं कबूल करून घ्या.

त्या माणसाला सगळ्यात आधी विचारा: रात्री कुठे ठेवणार? ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचं लपण जातं आणि तो वस्तीकडे सरकतो. कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. इतकी वर्षं खंड्या रात्री मोकळा होता, त्याला लपायच्या जागा माहीत होत्या. नव्या अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. म्हणून दार लागणारी खोली, बंदिस्त गोठा किंवा वरूनही जाळी असलेला पिंजरा, यातलं काहीतरी हवंच. ‘अंगणात बांधू’ म्हणणाऱ्याला देऊ नका, माणूस कितीही चांगला असला तरी.

थंडीचं म्हणाल तर निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. निरोगी कुत्रा कोरडी थंडी सोसतो, ओल आणि वारा सोसत नाही. जमिनीपासून चार बोटं उंच फळी, तिच्यावर गव्हाच्या काडाचा वीतभर थर. गोधडी किंवा गोणपाट दव ओढून घेतं आणि पहाटे गार पडतं. काड कोरडं राहतं आणि कुत्रा त्यात खड्डा करून बसतो. खोकं त्याला उभं राहून वळता येईल एवढंच असावं, मोठं खोकं अंगाच्या उबेने तापत नाही. फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम कापून घर करू नका, कितीही धुतला तरी. हिवाळाभर भाकरी पावपट वाढवायची. द्राक्षं आणि बेदाणे मात्र त्याच्या तोंडी लागता कामा नयेत. कुत्र्याची किडनी त्याने निकामी होऊ शकते. बेदाण्याच्या शेडवर देत असाल तर हे दोनदा सांगा. उंदराच्या औषधाचंही तसंच.

न्यायच्या तीन आठवडे आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्या आणि तारखेचा कागद नव्या मालकाला द्या. जंताची गोळी वजन करून, गोचिडाचं औषध डॉक्टरांना विचारून. खच्चीकरण झालेलं नसेल तर तेही याच फेरीत विचारा. भाद्रपदापासून हिवाळ्यापर्यंत नर माद्यांच्या मागे लांब भटकतात, आणि नव्या गावात भटकलेला कुत्रा हरवतो.

नेण्याच्या दिवशी सकाळी खायला घालू नका, पाणी चालेल. दहाच्या सुमारास निघा, म्हणजे जागा हुंगायला त्याला अख्खा दिवस उजेड मिळतो. मोटरसायकलवर मधे धरून नेऊ नका. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो आणि गळपट्ट्यातून डोकं काढून घेतो. पट्टा आणि मानेमध्ये दोनच बोटं जातील इतपत आवळा, छातीचा पट्टाही घाला आणि दोन्हीला साखळी लावा. गळपट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईने तुमचा आणि नव्या मालकाचा मोबाईल नंबर लिहा. त्याचं रोजचं अंथरूण न धुता सोबत द्या, आणि सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडाही. धुतलेल्याचा उपयोग नाही, त्याला वास हवा.

तिथे पहिले पंधरा दिवस तो एक क्षणही मोकळा सुटता कामा नये. फिरवायचं साखळीनेच, खायला तीच भाकरी, त्याच वेळेला. एक-दोन दिवस तोंड लावणार नाही, त्याला घाबरू नका. पाणी सोडलं किंवा उलट्या झाल्या तर डॉक्टर. तो खात असताना त्या घरातल्या मुलांनी जवळ जायचं नाही. एवढं करूनही तो सुटलाच तर तुमच्याच वस्तीवर येईल. तुम्ही गेल्यावरही येऊ शकतो, म्हणून वाटेकऱ्याला सांगून ठेवा की दगड मारू नको, पाणी ठेव, फोन कर.

आता एक राहिलेली गोष्ट. पत्रात दिरांचं मत आहे, वाटेकऱ्याचं आहे, तुमचं आहे, सासूबाईंचं नाही. वर्षाच्या आत त्यांचा नवरा गेला, घर सुटतंय, आणि सकाळी भाकरीची वाट पाहणारं जनावरही जाणार. त्यांना विचारा. त्या म्हणाल्या की बरोबर नेऊ, तर अशक्य नाही. कुत्रा पाळायलाच बंदी असा नियम सोसायटीला करता येत नाही, आणि रोज तीन-चार वेळा खाली नेणारा माणूस घरात असेल तर गावठी कुत्राही महिना-दीड महिन्यात फ्लॅटला सरावतो. रात्री भुंकणं हीच मोठी अडचण, राखणीची सवय लगेच जात नाही. माझं मत विचाराल तर गावातलं ओळखीचं घर त्याला जास्त मानवेल. पण तसं घर वेळेत मिळालं नाही, तर तो तुमच्याबरोबर टेम्पोत बसेल, ढाब्यावर नाही.

पोचवल्यावर तीन आठवडे भेटायला जाऊ नका, तुम्हाला पाहिलं की त्याचं वाट पाहणं नव्याने सुरू होतं. नंतर सासूबाईंना नक्की घेऊन जा, भाकरी घेऊन. निघताना त्याला आत, नव्या मालकाजवळ बांधलेला असू द्या, आणि गाडी फाटकाबाहेर लांब उभी करा.